जाळीवर पाय ठेवायला नकार: व्हर्लपूलच्या एका रात्रपाळीचं प्रकरण

जमिनीपासून साधारण २० फुटांवर तारेची आडवी जाळी, आणि तिच्याही वर ओव्हरहेड कन्व्हेयर. कन्व्हेयरवरून घरगुती उपकरणांचे सुटे भाग कारखानाभर फिरत असतात. एखादा भाग मधूनच निसटतो. तो खाली काम करणाऱ्याच्या डोक्यात पडू नये म्हणून ही जाळी. इमारतीच्या लोखंडी सांगाड्याला अँगलच्या चौकटी टांगलेल्या आणि चौकटींना जाळी वेल्ड केलेली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मॅरियन इथे व्हर्लपूल कंपनीचा हा कारखाना होता. नाव आपल्या ओळखीचं आहे, कारण तिच्या भारतीय कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आहे. पण ही हकिकत १९७४ सालची आणि मॅरियनची, तेवढीच.

खालच्यांचा जीव जाळीने वाचायचा, पण जाळीवर साचलेला माल काढायचा कुणी? मेन्टेनन्सवाल्यांनी. दर आठवड्याला त्यांचे काही तास या कामात जायचे. पडलेले भाग उचलायचे, कन्व्हेयरवरच्या मालातून ठिबकणारं ग्रीस टिपायला जाळीवर कागद अंथरलेला असे तो बदलायचा, अधूनमधून कन्व्हेयरचीच किरकोळ दुरुस्ती करायची. बहुतेक वेळा अँगलवर उभं राहून भागायचं. पण पडलेली वस्तू अँगल बघून पडत नाही, त्यामुळे कधीकधी जाळीवरच पाय टाकावा लागे. कंपनीची सूचना होती की फक्त अँगलवर उभं राहा. ज्याने उंचीवर काम केलंय त्याला या 'फक्त'चा अर्थ सांगायला नको. वाकून, एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने तेलकट कागद ओढायचा आणि पाय मात्र लोखंडाच्या अरुंद पट्टीवरून हलवायचा नाही.

जाळी कच्ची आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बऱ्याच जणांचे पाय जाळीतून आरपार गेले होते, अर्धं अंग खाली लोंबकळलं होतं. एक जण तर सरळ खाली जमिनीवर पडला, नशिबाने वाचला. कामगारांनी फोरमनच्या कानावर या गोष्टी घातल्या होत्या. १९७३ मध्ये कंपनीने जाड तारेची नवी जाळी बसवायला सुरुवातही केली. थोडी इथे, थोडी तिथे, जमेल तशी. आपल्याकडे याला 'काम चालू आहे' म्हणतात.

२८ जून १९७४ रोजी मेन्टेनन्सचा एक कामगार जाळीतून खाली पडला आणि मेला. जिथे पडला तिथे नवी जाळी अजून पोचली नव्हती.

यानंतर कंपनीने जे केलं ते कागदावर चांगलंच होतं. काही दुरुस्त्या केल्या आणि सक्त हुकूम काढला: यापुढे जाळीवर तर नाहीच, अँगलवरही पाय ठेवायचा नाही. वर पडलेला माल काढायची दुसरी पद्धत ठरवली. यंत्राने वरखाली होणारा फिरता प्लॅटफॉर्म आणायचा, त्यावर उभं राहून आकड्याने वस्तू ओढून घ्यायची. पद्धत वेळखाऊ होती, पहिल्यासारखी हातासरशी होणारी नव्हती. या दोन ओळी मी नेहमी सावकाश वाचतो, कारण पुढचं सगळं प्रकरण त्यांच्यातच दडलंय. सुरक्षित पद्धत हळू असते, आणि उत्पादनाचा आकडा रात्रपाळीलाही द्यावाच लागतो.

त्या मृत्यूनंतरचे बारा दिवस

आता या प्रकरणातले दोन कामगार. त्यांची नावं निकालपत्रात आहेत, पण इथे त्यांची गरज नाही. दोघेही मेन्टेनन्सचे. ७ जुलैला ते प्लँटच्या मेन्टेनन्स सुपरिंटेंडंटला भेटले आणि म्हणाले, जाळी अजून धोक्याची आहे. साहेबांना ते पटलं नाही. तरी त्यांनी दोघांना फोरमनबरोबर जाळी बघून यायची आणि कुठे कुठे दुरुस्ती हवी ते दाखवायची परवानगी दिली. दोघांनी जागा दाखवल्या. त्यानंतर कंपनीने जे केलं, त्याने त्यांचं समाधान झालं नाही.

९ जुलैला ते प्लँटच्या सेफ्टी डायरेक्टरकडे गेले. या भेटीत त्यांनी एक साधी मागणी केली: ओशाच्या स्थानिक कार्यालयातल्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर द्या. ओशा म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षितता बघणारी केंद्र सरकारची यंत्रणा. डायरेक्टरने नंबर दिला. देताना मात्र सुनावलं की आपण काय करतोय याचा दोघांनी जरा थांबून विचार केलेला बरा.

हे वाक्य अमेरिकेतलं असलं तरी कुठल्याही एमआयडीसीत अनुवादाशिवाय कळेल. त्यात धमकी म्हणून पकडता येईल असा एकही शब्द नाही. उद्या कोर्टात विचारलं तर 'मी सल्ला दिला' म्हणता येतं. पण ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं. त्याच दिवशी दोघांपैकी एकाने ओशाच्या विभागीय कार्यालयाला फोन करून जाळीबद्दल सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, १० जुलैला, रात्री पावणेअकराला दोघे रात्रपाळीला हजर झाले. फोरमन आधी स्वतः काही अँगलवरून चालून आला. मग त्याने दोघांना जुन्या जाळीच्या एका भागावर नेहमीचं काम करायला सांगितलं. दोघांनी नकार दिला, कारण ती जागा सुरक्षित नव्हती. फोरमनने त्यांना पर्सनल ऑफिसला पाठवलं. तिथे हुकूम मिळाला की पंच करा आणि घरी जा. पाळीचे राहिलेले सहा तास काम नाही, पैसे नाहीत. नंतर दोघांना लेखी ताकीद मिळाली आणि ती त्यांच्या फाइलला लागली.

सहा तासांची मजुरी आणि एक मेमो. कुणाची नोकरी गेली नाही. एवढ्याशा गोष्टीवरून प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं हे ऐकून आपल्याकडच्या कामगारांना हसू येतं. एका प्रशिक्षणवर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सहा तास? आमच्याकडे सहा महिने गेटबाहेर बसवतात." त्याचं खरंच होतं.

फोरमनचं ते अँगलवरून चालणं मला फार महत्त्वाचं वाटतं. 'मी चाललो ना, काही झालं का?' असंच त्याला दाखवायचं असणार. बहुतेक सुपरवायझर वाईट नसतात, त्यांना खरंच वाटतं की आपण आधी करून दाखवलं म्हणजे पोरांची भीती जाईल. पण पंधरवड्यापूर्वी मेलेला माणूसही पडण्याआधी त्याच कामात अनेकदा चालला असेल. आणि मुद्दा असा की, कंपनीच्याच हुकुमाप्रमाणे तेव्हा अँगलवर पाय ठेवायलाही बंदी होती. फोरमनने त्या रात्री दिलेला आदेश कंपनीच्या स्वतःच्या हुकुमाविरुद्ध जात होता, हे पुढे सर्वोच्च न्यायालयानेही टिपून ठेवलं. आधी एक हुकूम, त्या रात्री दुसरा. दोन्ही कंपनीचेच. कामगाराने कुठला पाळायचा?

कायद्यात नकाराचा शब्दच नव्हता

अमेरिकेचा ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ कायदा डिसेंबर १९७० चा. त्याचं कलम ११(क) म्हणतं की सुरक्षेची तक्रार केली, साक्ष दिली किंवा या कायद्याने दिलेला कुठलाही हक्क बजावला म्हणून मालकाने कामगाराला कामावरून काढायचं नाही की त्याच्याशी भेदभाव करायचा नाही. तक्रारीचं ठीक आहे, ती स्पष्ट लिहिलेली आहे. पण काम करायलाच नकार? तसा हक्क कायद्यात कुठेही शब्दांत दिलेला नव्हता. तो दिला कामगार खात्याने, एका नियमातून. १९७३ च्या या नियमाने अशा नकाराला संरक्षण दिलं, पण अटी घालून. मरणाचा किंवा गंभीर इजेचा धोका आहे असं समजूतदार माणसाला त्या परिस्थितीत वाटलं पाहिजे. कामगाराचा हेतू प्रामाणिक पाहिजे. निरीक्षकाला बोलावून, नेहमीच्या सरकारी वाटेने धोका दूर करायला वेळ उरलेला नसला पाहिजे. आणि जमत असेल तिथे आधी मालकाकडे दुरुस्ती मागितलेली आणि ती न मिळालेली असली पाहिजे.

आता ७, ९ आणि १० जुलै पुन्हा बघा. सुपरिंटेंडंटची भेट, फोरमनबरोबर पाहणी, सेफ्टी डायरेक्टर, ओशाला फोन, आणि मग जुन्या जाळीच्या त्या एका भागावर काम करायला नकार. कुठलाही वकील मागाहून बसून यापेक्षा नेटका क्रम लिहू शकला नसता. दोघांनी हे नियम वाचून केलं असेल असं मला वाटत नाही. साध्या, सरळ माणसासारखे ते वागले: आधी घरात सांगून बघितलं, मग बाहेर सांगितलं, आणि तरी ढकलायला लागले तेव्हा पाय मागे घेतला. नकारसुद्धा मोजका होता. 'कारखाना बंद करा' असं ते म्हणाले नाहीत, 'आम्ही आज काहीच करणार नाही' असंही नाही.

कलम ११(क) खाली कामगाराला स्वतः फिर्याद करता येत नाही, हे आपल्याला जरा विचित्र वाटेल. त्याने ३० दिवसांच्या आत कामगार खात्याकडे तक्रार करायची, चौकशी करून खटला भरायचा की नाही ते खातं ठरवणार. ३० दिवस फारच थोडे. मेमो मिळाल्यावर पहिले दोन आठवडे माणूस घरी कुणाला सांगतही नाही. या प्रकरणात मात्र कामगार मंत्र्यांनी कंपनीविरुद्ध ओहायोच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. मुख्य मागण्या दोन: फाइलमधली ताकीद काढा आणि सहा तासांचे पैसे द्या.

जिल्हा न्यायालयाने वस्तुस्थितीचा प्रत्येक मुद्दा कामगारांच्या बाजूने दिला. भीती खरी होती, धोका फक्त त्यांच्या डोक्यात नव्हता, हेतू प्रामाणिक होता, दुसरी वाट उरली नव्हती. आणि तरी दावा फेटाळला, कारण न्यायालयाच्या मते तो नियम करायचा अधिकारच कामगार खात्याला नव्हता. सगळं खरं, पण कायदा तुमच्या बाजूला नाही. कोर्टात गेलेल्यांना हा अनुभव परका नाही. अपील न्यायालयाने १९७९ मध्ये हा निकाल फिरवला. तोवर दुसऱ्या दोन अपील न्यायालयांनी अशाच प्रकरणांत नियम बेकायदा ठरवला होता, म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

कंपनीचा युक्तिवाद कच्चा नव्हता, हे कबूल करायला हवं. कायदा होताना अमेरिकन काँग्रेसपुढे एक प्रस्ताव होता की धोक्याच्या जागी काम नाकारणाऱ्याला पगारही मिळावा. विरोधकांनी त्याला 'पगारी संप' म्हणून झोडपलं आणि तो गळला. कारखान्याचा धोकादायक भाग बंद करायचा अधिकार थेट सरकारी अधिकाऱ्याला द्यायचाही प्रस्ताव होता. तोही गेला, आणि हा अधिकार न्यायालयाकडे राहिला. मग कंपनी म्हणाली, जे लोकप्रतिनिधींनी सरकारलाही दिलं नाही, ते एका नियमाच्या आडून कामगाराला कसं देता?

निकाल २६ फेब्रुवारी १९८० ला आला, एकमताने. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी तो लिहिला. त्यांनी मुद्दा साधा करून टाकला. कामगार कारखाना बंद करत नाही, मालकाला दुरुस्तीचा हुकूम देत नाही, दुसऱ्यांना बाहेर काढत नाही. तो फक्त स्वतःला त्या जागेवरून बाजूला करतो. हा कायदा माणूस मरायची किंवा जखमी व्हायची वाट बघत नाही, अपघात होऊच नयेत म्हणून तो केलाय. मग जवळ दुसरा उपाय नसलेल्या कामगाराला, जिथे मरण दिसतंय अशा जागेवरून बाजूला व्हायला हाच कायदा मनाई करतो, असं वाचणं विचित्र ठरेल. नियम वैध.

जिंकलं ते किती

इथे जरा थांबायला हवं, कारण हा निकाल जितका सांगितला जातो तितका मोठा नाही. नियम कामगाराला पगार द्यायला सांगत नाही, हे न्यायालयाने स्वतःच स्पष्ट केलं. नियम एवढंच म्हणतो की नकार दिला म्हणून भेदभाव करू नका. कंपनी त्या वेळेपुरतं दुसरं काम देऊ शकते. काम नसेल तर तेवढ्या वेळाचे पैसे मिळतीलच अशी हमी या नियमात नाही. आणि एक इशाराही निकालात आहे: नियमाच्या भरवशावर काम नाकारणारा माणूस स्वतःच्या जोखमीवर नाकारतो. पुढे न्यायालयाला त्याची भीती अवाजवी वाटली किंवा हेतू खोटा वाटला, तर ताकीद किंवा बडतर्फी टिकू शकते. म्हणजे अंधारात, २० फुटांवर, फोरमन समोर उभा असताना घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही, हे पाच-सहा वर्षांनी उजेडात बसलेली माणसं ठरवणार.

तरीही फाइलमधला तो कागद ही क्षुल्लक गोष्ट नव्हती असं मी ठामपणे म्हणेन. सहा तासांची मजुरी माणूस विसरतो. मेमो विसरत नाही. पुढची बढती, पुढची बदली, पुढचा कुठलाही वाद आला की फाइल उघडते आणि पहिलं पान बोलतं: हा माणूस हुकूम मोडणारा आहे. मालकाला नेमकं तेच हवं असतं, आणि स्वस्तात मिळतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कायद्याच्या पुस्तकांत फार कुणी बघत नाही. अमेरिकेच्या त्या कायद्यात तक्रारदाराला आपलं नाव मालकाला कळू नये अशी विनंती करता येते. या दोघांच्या बाबतीत तिचा काय उपयोग? ओशाचा नंबर त्यांनी कंपनीच्याच अधिकाऱ्याकडून मागितला होता. नाव लपवायचं असतं तर तो दुसरीकडून मिळवता आला असता. पण नाव लपवलं असतं तर नकार आणि तक्रार यांचा संबंध दाखवणं अवघड गेलं असतं. उघड मागितल्यामुळे ९ जुलैची ती भेट आणि तिथलं ते वाक्य दोन्ही निकालपत्रात आली. लपून केलेल्या तक्रारीत माणूस वाचतो पण पुरावा पातळ होतो, उघड तक्रारीत उलटं. यातलं कुठलं बरं, हे बाहेरून सांगणाऱ्याने सांगू नये.

हेच आपल्याकडे घडलं असतं तर

महाराष्ट्रातल्या कारखान्यात कच्च्या जाळीच्या जागी सिमेंटचा पत्रा घाला, चित्र लगेच डोळ्यापुढे येतं. पत्रा बदलायला किंवा गळती बुजवायला माणूस वर चढतो, पाय पडतो तो दोन पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या दांड्यांच्या, मधे, आणि पत्रा फुटतो.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ३२ सांगत होतं की जिथून पडायची शक्यता आहे अशा उंचीवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेची, शक्य तिथवर, कुंपण किंवा इतर सोय करायची. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, या कायद्यात बरीच भर पडली. त्यातलं कलम ४१-एच मॅरियनच्या गोष्टीला सगळ्यात जवळचं. कामगाराला जिवावरच्या धोक्याची वाजवी भीती असेल तर त्याने मालकाला किंवा मॅनेजरला सांगायचं आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला, म्हणजे सरकारी कारखाना निरीक्षकालाही कळवायचं. मालकाला पटलं तर लगेच उपाय, नाही पटलं तर त्याने स्वतःच मामला इन्स्पेक्टरकडे पाठवायचा, आणि तिथला निर्णय अंतिम. वाचायला छान वाटतं. पण हे कलम फक्त धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांना लागू होतं, आणि इन्स्पेक्टर येईपर्यंत कामगाराने काय करायचं, वर चढायचं की खाली थांबायचं, हे त्यात नव्हतं. कलम १११-ए मध्ये प्रत्येक कामगाराला सुरक्षेच्या त्रुटींबद्दल थेट इन्स्पेक्टरकडे जायचा हक्क होता. कलम ११८-ए इन्स्पेक्टरवर बंधन घालत होतं की तक्रार कुणाची ते गुप्त ठेवायचं, आणि आपण तक्रारीवरून आलोय हेसुद्धा मालकाला सांगायचं नाही. कागदावर हे अमेरिकेपेक्षा कडक होतं. पण मेन्टेनन्सला चारच माणसं असली आणि साहेब जीपमधून उतरून थेट त्या एका शेडकडे चालत गेले, तर नाव सांगायची गरज कुणाला?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि फॅक्टरी कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. ४१-एच सारखा हक्क आता धोकादायक प्रक्रियेपुरता राहिलेला नाही, बाकीच्या आस्थापनांतल्या कामगारालाही तो आहे. काम थांबवायचा हक्क मात्र तिथेही शब्दांत लिहिलेला नाही. नोकरशहांच्या भ्रष्टाचारावर बोट ठेवणाऱ्यांसाठी २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा आहे असं लोक मधेच सांगतात. तो संसदेत मंजूर झाला पण अमलात आणलाच गेला नाही, आणि आला असता तरी खासगी कारखान्यातल्या पत्र्याशी त्याचा संबंध नव्हता.

मग मेमो आला तर? इथे माझ्या मते दोन आधार आहेत. पहिला स्थायी आदेशांतला, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या नियमांतला. आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून हुकूम मोडणं आहे, पण तो हुकूम 'कायदेशीर आणि वाजवी' असला पाहिजे. कंपनीच्याच लेखी बंदीविरुद्ध दिलेला हुकूम वाजवी कसा? म्हणून बंदीच्या त्या नोटिशीचा फोटो मोबाइलमध्ये असणं दहा साक्षीदारांच्या तोडीचं असतं. दुसरा आधार महाराष्ट्राचा खास: १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा कायदा. सूड म्हणून काढणं, मालकाच्या हक्काचा नुसता आव आणून काढणं, किरकोळ चुकीवरून काढणं, धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणं, या सगळ्या त्यात अनुचित प्रथा आहेत. तक्रार ९० दिवसांत करायची, अंतरिम दिलासा मागता येतो, आणि अमेरिकेसारखं सरकारी खात्याच्या मर्जीवर बसावं लागत नाही. कामगार किंवा त्याची युनियन स्वतः कोर्टात जाते. या एका बाबतीत आपला कामगार ओहायोच्या त्या दोघांपेक्षा बऱ्या जागी उभा आहे.

कामगार म्हणजे कायम कामगार, हे त्यात गृहीत आहे. पत्र्यावर चढणारा बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचा असतो. २००१ मध्ये सिप्ला कंपनीविरुद्धच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुळात हा आपला कामगार आहे हेच कंपनीला मान्य नसेल, तर या कायद्याखालच्या कोर्टात तो वाद ठरवता येणार नाही. आधी नातं दुसरीकडे सिद्ध करून या, मग अनुचित प्रथेचं बोला. ठेकेदाराच्या माणसाला मेमो द्यायची गरजही पडत नाही. मॅरियनच्या दोघांना पर्सनल ऑफिसपर्यंत तरी नेलं होतं, कार्ड पंच करायला लावलं होतं, म्हणजे त्या रात्री ते तिथे होते याचा कागद राहिला. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर पास चालत नाही. वॉचमन वहीत बघून म्हणतो, "तुझं नाव आज यादीत नाही," आणि मागच्याला पुढे घेतो.